धुतलेली टाकी

माझ्या सासरी माणसं हातानं बोलतात. तोंडाचा उपयोग जेवायला आणि थुंकायला. लग्न ठरवताना हे कुणी सांगत नाही. मुलाला व्यसन नाही, घरचं पॉलिहाऊस आहे, काकडी बारा महिने निघते, एवढंच सांगतात. त्यातलं खोटं काहीच नव्हतं.

मी नवी असतानाच एकदा सासऱ्यांनी एका मजुराच्या कानाखाली वाजवली. त्यानं वेलाची सुतळी सैल बांधली होती. मजूर वेलांमध्ये आडवा झाला, कानातून पाणी यायला लागलं, आणि थोड्या वेळानं उठून तीच सुतळी पुन्हा बांधायला लागला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वाकून रबरी नळी गुंडाळत होता. रात्री म्हणाला, "बाबांचा स्वभावच तसा आहे." घरोघरी मातीच्या चुली असतात हे मलाही ठाऊक आहे, पण काही घरांत त्या चुलीत माणसं घालतात.

नवरा मात्र त्या घरात चुकून जन्मल्यासारखा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यानं हात उचलणं तर सोडाच, आवाजही चढवला नव्हता. मी रागानं भांडी आपटायची, तो ती उचलून जागेवर ठेवायचा. "अरे, माणूस आहेस की उशी?" असं मी म्हणायची. तो हसायचा, आणि हसता हसता खोकायला लागायचा. माझा त्याच्यावर जीव होता तो याच एका गोष्टीसाठी, हे उघडच सांगते.

त्या खोकल्याचं मूळ फवारणीत होतं. शाळेत असल्यापासून तो औषध मारत आला होता. आमच्याकडे विषाला औषध म्हणतात. काकडीच्या पानांवर भुरी येते, म्हणजे कुणी पिठाचा हात झटकावा तसे पांढरे डाग. ही बुरशी एकदा पसरली की पान वाळतं, वेल बसतो. म्हणून पॉलिहाऊसचे पडदे पाडून आत औषध मारायचं. बाहेर वारा, आत वाफ, आणि तोंडाला फडकं. मास्क आणला तर सासरे म्हणायचे, "ऑपरेशन करायला चाललास का?"

शेवटी अशी वेळ आली की काकडीची पेटी उचलून गाळ्याच्या, म्हणजे पॉलिहाऊसच्या एका कप्प्याच्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना तो मध्येच टेकायचा. ओठ निळसर पडायचे. चहाच्या कपात चमचा वाजायचा, इतके हात थरथरायचे. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "फवारणी आजपासून बंद. याच्यापुढे याच्या पाठीवर पंप चढला, तर मला दाखवायला आणू नका." मी हे घरी शब्दाला शब्द सांगितलं. सासऱ्यांनी विचारलं, "डॉक्टर काकडी पिकवतो का?"

बोलली ती नणंद.

वन्सं नवऱ्यापेक्षा मोठ्या. आई लवकर गेली. लग्न केलं नाही. एका पुरुषाचा मार पुरे झाला, दुसरा कशाला, असं चारचौघांत सांगायच्या. डाव्या भुवईतून एक वण गेला होता, ती वडिलांची भेट. भावात आणि त्यांच्यात फरक एवढाच की भाऊ मार खाऊन गप्प बसायचा आणि त्या उलट मारायच्या. एकदा बापाच्या हाताला अशा चावल्या होत्या की टाके पडले. त्यांना हात लावण्याआधी सासरेसुद्धा दारं-खिडक्या बघून घ्यायचे.

त्या दिवशी त्यांनी बियाण्यांच्या दुकानातून आणलेली एक पुडी जेवणाच्या टेबलावर ठेवली. "जिवाणू आहेत. जिवंत. भुरी खातात म्हणा, नाहीतर भुरीला बसू देत नाहीत म्हणा. याला पंप उचलायची गरज नाही, फडकं बांधायची गरज नाही. लहान मूल शेजारी बसवून फवारा."

"किडे पाळणार तू," सासरे म्हणाले.

"इतकी वर्षं तुम्हाला पाळलं, तर हे काय जड जातंय?"

ताट भिंतीवर गेलं. पण त्यानंतर जे ठरलं तेही तिथंच ठरलं. शेवटचा गाळा वन्संचा. तिथे भुरी थांबली, तर सगळीकडे जिवाणू, आणि नवऱ्याची फवारणीतून कायमची सुटका. नाही थांबली, तर जिवाणू गटारात आणि नवऱ्याच्या पाठीवर पंप. तोवर बाकीच्या गाळ्यांत सासरे स्वतः औषध मारणार. ते शब्दाचे पक्के, हे त्यांच्या शत्रूंनीही मान्य केलं असतं. मला पहिल्यांदा त्या घरात श्वास घेता आला, आणि त्याच क्षणापासून भीतीही वाटायला लागली, कारण आता हरायला काहीतरी होतं.

वन्संनी निळ्या ड्रममध्ये पाणी भरलं, उसाची मळी ओतली, पुडी सोडली, आणि माशांच्या टाकीला हवा देतात तसली छोटी मोटर लावली. बुडबुडे यायला लागले. थोड्याच दिवसांत फेस चढला, आंबूस वास सुटला. "बसमध्ये लोक रुमाल टाकून जागा धरतात ना," त्या मला म्हणाल्या, "तसे हे पानावर आधी जाऊन बसतात. भुरी येते, बघते, तर जागाच नाही. आणि धक्काबुक्की केलीच तर यांच्याकडे हत्यारंही आहेत." त्यांच्या तोंडून कुणाचं एवढं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

चाकाची मोठी टाकी आमच्याकडे एकच. सकाळी सासरे तिच्यात औषध कालवून त्यांचे गाळे मारायचे. दुपारी नवरा टाकी धुवायचा, ते काम लहानपणापासून त्याचं. वन्संनी त्याला बजावून ठेवलं होतं, "हे बघ, टाकी लख्ख पाहिजे. औषधाचा थेंब राहिला तर माझी सगळी पोरं मरतील." तो मान हलवायचा. मग ऊन उतरलं की वन्सं टाकी भरून ठेवायच्या आणि उजाडताना, पानं ओली असताना, फवारायच्या.

आणि भुरी वाढली.

आधी खालच्या पानांवर, मग मधल्या, मग कोवळ्या शेंड्यांवर. वन्सं पुन्हा फवारायच्या, भुरी पुन्हा वर चढायची. ड्रम तर उत्तम होता, फेस उतू जात होता. वन्सं ड्रमपाशी वाकून वास घ्यायच्या, मग गाळ्यात जाऊन पानं उलटून बघायच्या, आणि परत ड्रमपाशी यायच्या. सासरे गाळ्याच्या दारात उभे राहून नुसते बघायचे. त्यांना काही बोलायची गरजच उरली नव्हती. मी मात्र नवऱ्याच्या पाठीकडे बघायची. त्या पाठीवर पंपाच्या पट्ट्यांचे दोन काळे वळ कायमचे उमटलेले आहेत.

ड्रममध्ये जिवंत आणि पानावर मेलेले, म्हणजे मध्ये कुणीतरी मारतंय, हे वन्संच्या डोक्यात आलं. ते बरोबरच होतं. एका दुपारी त्या टाकी ठेवायच्या शेडमध्ये गेल्या, तर धुऊन झालेल्या टाकीवर नवरा पुन्हा वाकलेला, हात आत.

मी पॅकिंगच्या टेबलावर होते. आधी आवाज ऐकला तो पितळी नळीचा. फवारणीची ती लांब नळी हवेतून फिरली की शीळ वाजते. मी धावत गेले तेव्हा नवऱ्याच्या कपाळावरून रक्त भुवयांत उतरत होतं आणि वन्संचा हात पुन्हा वर गेला होता.

"टाकीपाशी काय करतोस? बोल. बाबांनी काय घालायला सांगितलं तिच्यात?"

"तू सांगितलंस तेच करतोय," नवरा म्हणाला.

वन्संना वाटलं टोमणा मारतोय. त्या माणसाला टोमणा मारता येत नाही हे सख्ख्या बहिणीला कळू नये, याचं मला आजही नवल वाटतं. पण त्या घरात सगळे इतके कडवट बोलायचे की सरळ वाक्यही वाकडं ऐकू यायचं. त्यांनी नळी खांद्यावर हाणली, मग पाठीवर, मग तो खाली बसल्यावर पायांवर. "मी तुझ्यासाठी भांडतेय. तुझ्या छातीसाठी. आणि तू त्यांचाच कुत्रा." तो हात डोक्यावर धरून बसला होता. त्यानं ना ओरडून सांगितलं, ना नळी पकडली. मी वन्संच्या कमरेला मिठी मारून त्यांना मागे ओढलं, तर त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

तेवढ्यात सासरे आले. त्यांनी मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझी नळी वाकवलीस," ते म्हणाले. वन्सं पळणाऱ्यातल्या नव्हत्या, त्यांनी दाराची चौकट धरली आणि नळी समोर रोखली. शेडचं दार लोखंडी, रुळावरचं. सासऱ्यांनी ते खांद्यानं लोटलं. वन्संची बोटं चौकटीतच होती.

तो आवाज मी लिहीत नाही. दवाखान्यात वन्संनी सांगितलं की वाऱ्यानं दार आपटलं. डॉक्टर म्हणाले, वारा जोराचा दिसतोय तुमच्याकडे.

हात प्लास्टरमध्ये गेला, तरी त्या माघार घेईनात. सासऱ्यांनीही आणखी एका फवारणीची मुभा दिली, दयेनं नव्हे, तर हरताना बघायची हौस म्हणून. "तू मार," वन्सं मला म्हणाल्या. "त्या नतद्रष्टाला जवळ येऊ देऊ नकोस." टाकी मात्र आधीच धुऊन ठेवलेली होती, कपाळाला पट्टी बांधून तो तेवढं काम करून गेला होता. आम्ही ती भरली.

उजाडताना मी नवऱ्याचा जुना गडद निळा सदरा चढवला आणि नळी धरली. नोझल गळत होतं, बाही कोपरापर्यंत भिजली. पानं खालून वर, वरून खाली, अशी मी धुऊनच काढली. आत फक्त आंबूस वास आणि फवाऱ्याचा आवाज. खरं सांगते, मला त्या एवढ्याशा वेळात आशा वाटली. आता मी मारतेय म्हणजे ते लागू पडेल, असं काहीतरी खुळचट.

दुपारी सदरा धुवायला काढला, तर उजव्या बाहीवर डाग. आधी वाटलं मळीचे असतील. पण मळीचा डाग गडद असतो. हे फिकट होते, मध्ये पांढरे आणि कडेनं तांबूस, जसे रंगीत कपड्यावर ब्लीच उडालं की पडतात. घरातले कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला ते ओळखायला चष्मा लागत नाही. मी सदरा तसाच हातात घेऊन शेडमध्ये गेले, टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात हात घातला आणि बोटं एकमेकांवर घासली. बुळबुळीत, ब्लीचचं पाणी लागल्यावर होतात तशी. आमच्या शेडमध्ये इतकी औषधं उघडी असतात की टाकीत नाक घातल्याशिवाय कुणाला काही कळत नाही, मलाही नाही. पण बोटांना कळलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नवरा मागच्या बाजूला रिकाम्या पेट्यांवर बसला होता. मी सदरा त्याच्या मांडीवर टाकला. "टाकीत ब्लीच ठेवतोस?"

"थोडंसं. तळाला." त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी विचारलं होतं की तू रोज श्वास घेतोस का. "बाबा टाकीत नाक घालून वास घेतात ना. टाकीला ब्लीचचा वास आला तरच ती धुतली. नुसत्या पाण्यानं खळबळली तर कसं कळणार? आणि ताईनं सांगितलं लख्ख पाहिजे, म्हणून हल्ली जरा जास्त ठेवतो. नळीतसुद्धा."

मी त्याच्याशेजारी बसले. मग त्यानं सांगितलं. लहान असताना एकदा त्यानं टाकी न धुता ठेवली होती. आत तणनाशक उरलेलं. दुसऱ्या दिवशी त्याच टाकीतून खत फवारलं आणि अख्खा गाळा करपला. बापानं त्याचं डोकं टाकीच्या तोंडातून आत घातलं आणि मान दाबून धरली. "वास घे," म्हणाला. "काय वास येतोय?" आत औषधाची वाफ कोंडलेली. वन्सं बाहेरून बापाच्या पाठीवर बुक्क्या मारत होत्या. भुवईचा वण तेव्हाचा. तेव्हापासून तो टाकीत ब्लीच ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानंच ठरवलं होतं.

"अरे, जिवाणू जिवंत असतात," मी म्हणाले. "रात्रभर ते तुझ्या ब्लीचमध्ये बसतात."

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता हा पडेल. "म्हणजे मीच मारले? सगळे?"

"हो. तूच."

तो हसला. खोकला. पुन्हा हसला, आणि मग रडला. मी त्याचं डोकं छातीशी धरलं. त्याच्यावर चिडणं शक्यच नव्हतं. चीड यायची ती त्या म्हाताऱ्याची, ज्यानं एका पोराची मान टाकीत दाबली आणि इतक्या वर्षांनीही ती दाबलेलीच होती.

वन्संना सगळं सांगितलं. त्या घरात कुणी माफी मागत नाही. त्यांनी चांगल्या हातानं भावाच्या कपाळावरच्या पट्टीचं सुटलेलं टोक दाबून चिकटवलं. "मूर्खा," म्हणाल्या, "अरे मूर्खा, सांगायचंस तरी." मग आम्ही तिघांनी टाकी साध्या पाण्यानं धुतली, पुन्हा धुतली, नळीतून पाणी सोडलं, मीच त्या पाण्यात सदऱ्याची दुसरी बाही बुडवून वाळवली. डाग पडला नाही. आम्ही टाकी ड्रममधल्या पाण्यानं भरली. सकाळी फवारायचं होतं.

सकाळी आम्ही गाळ्यात गेलो तर सासरे आधीच तिथे होते. पायाशी पाठीवरचा पंप, तोंडापर्यंत भरलेला. पडदे त्यांनी पाडून ठेवले होते.

"बस झाला पोरखेळ," ते म्हणाले. "ठरलं होतं ते ठरलं होतं. ये रे."

वन्सं पुढे झाल्या. त्यांनी ब्लीचचं सगळं सांगितलं, नीट, आवाज न चढवता. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. तीच त्यांची चूक झाली. सासरे ऐकून घेत होते आणि त्यांच्या मानेवर शीर चढत होती.

"म्हणजे दोष माझा," ते म्हणाले. "मी शिस्त लावली म्हणून तुझे किडे मेले. असंच ना?"

"असंच," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पंप उचलला आणि नवऱ्यासमोर धरला. आणि नवऱ्यानं, देवाशपथ सांगते, कोट चढवावा तसे हात मागे करून पट्ट्यांत घातले. पंपाच्या वजनानं तो पुढे वाकला. ओठ तिथल्या तिथे निळे पडायला लागले. फडकंसुद्धा बांधलं नव्हतं. त्याचा हात दांड्यावर गेला.

मी पानं काढायची सुरी कमरेला लावूनच असते. मी मागून गेले आणि पट्टी कापली. एक, मग दुसरी. पंप खाली पडला, झाकण उडालं, औषध वाफ्यात, माझ्या पायांवर, सगळीकडे पसरलं. डोळ्यांना आग लागली. सासऱ्यांनी माझे केस पकडले आणि तोंड खांबावर आपटलं. मग पुन्हा आपटलं. तोंडात लोखंडाची चव आली. वन्सं त्यांच्या पाठीवर चढल्या, तर त्यांनी प्लास्टरवरच बुक्की मारून त्यांना वेलांत फेकलं. वेल सुतळ्यांसकट खाली आले.

पडदे वर करायचं लोखंडी हँडल खांबाला अडकवलेलं असतं. ते माझ्या हातात कसं आलं ते मला आठवत नाही, पण आलं, हे मला आवडलं ते आठवतं. मी ते त्यांच्या मनगटावर मारलं. हाड तुटलं, मला हातात जाणवलं. केस सुटले. ते गुडघ्यावर आले तेव्हा मी दुसऱ्यांदा मारलं, खांद्यावर. तिसऱ्यांदाही हात उचलला होता. त्या माणसाच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली, आणि मला बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं.

तेव्हा माझ्या गालावर काहीतरी आदळलं.

मी पडले. मला वाटलं, छताचा पाइप निखळला. वर बघितलं तर नवरा उभा होता. मूठ अजून वळलेली. हात थरथरत नव्हता, जराही नाही.

"बाबांवर हात?" तो म्हणाला. "माझ्या बाबांवर हात उचलतेस?" आणि मी उठायच्या आत त्यानं मला लाथ घातली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात. माझा एक दात त्या वाफ्यात पडला, तो मी शोधला नाही. नवरा मग खाली बसला आणि बापाचं तुटलेलं मनगट दोन्ही हातांत धरून, लहान पोराला म्हणावं तसं, "काही नाही, काही नाही," म्हणत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं हात उचलला नाही म्हणजे त्याच्यात तो हात नाहीच, असं मी धरून चालले होते. तो होता. फक्त तो कुणासाठी उठेल हे मला माहीत नव्हतं. वन्सं वेलांतून उठत होत्या. त्यांनी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घातली. त्या बाईला मान खाली घालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी पडदे वर केले, कारण आत श्वास घेता येत नव्हता. मग अंग धुतलं आणि निघाले.

आता मी एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहते आणि त्याच्याकडेच काजं-बटणं करते. शिंपी बोलका आहे. पडलेल्या दाताबद्दल त्यानं फक्त एकदा विचारलं. मी म्हणाले, वाऱ्यानं. तो म्हणाला, तुमच्या बाजूला वारा फार.

वन्सं येत राहिल्या. बोटं आता कायमची वाकडी झाली आहेत. सासऱ्यांचं मनगट नीट जुळलं नाही, त्यांच्या हातानं पंपाचा दांडा दाबला जात नाही, म्हणून सगळे गाळे वन्संच्या ताब्यात आले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यामुळे ते दारात खुर्ची टाकून शिव्या देत बसतात. पण औषध बंद झालं. साध्या पाण्यानं धुतलेल्या टाकीतून जिवाणू गेले आणि भुरी थांबली. जुनी पानं गेली ती गेलीच, पण नवी आली ती स्वच्छ. वन्संनी एक पान पर्समधून आणलं होतं. मी ते खिडकीत उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. एकही डाग नव्हता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"खोकत नाही हल्ली," वन्सं म्हणाल्या. "पेटी घेऊन एका दमात जातो." मग म्हणाल्या, "तो रोज तुझं नाव काढतो गं. एकदाच झालं त्याच्याकडून."

"तुमच्या आईनंही एकदा असंच म्हटलं असेल," मी म्हणाले.

त्यांनी वाकडी बोटं पदराआड घेतली.

परवा दुपारी मी खोलीत बटणं निवडत बसले होते. जिना लाकडी आहे, उभा, आणि खोली अगदी वर. शिंपीसुद्धा येताना मध्ये दोनदा टेकतो. खाली पावलं वाजली आणि ती मी ओळखली. इतकी वर्षं ती पावलं थांबत थांबत येताना ऐकली होती. आज ती थांबेनात. पहिला मजला आला, पावलं पुढे निघाली. दुसरा आला, तरी तोच वेग. मी बटणं खाली ठेवली. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू, इतका आनंद की छाती भरून आली. आणि मी उठून दाराला कडी घातली.

"मी आहे," तो दाराबाहेर म्हणाला. दम लागलेला नव्हता.

"माहीत आहे. बोल. तिथूनच बोल."

तो बोलायला लागला. बाबांना आता हात उचलता येत नाही, ताई पॉलिहाऊस बघते, मी फक्त वेल बांधतो आणि काकडी काढतो, त्या दिवशी मला काय झालं मलाच कळलं नाही, बाबा खाली पडलेले दिसले आणि हात आपोआप गेला, असं पुन्हा होणार नाही, कधीच होणार नाही, शपथ घेऊन सांगतो, तू फक्त घरी चल. हे सगळं एका दमात, स्वच्छ, भरदार आवाजात, मध्ये एकदाही न खोकता. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. मी दाराला कान लावून ते पुरं ऐकलं. मग कडीवर हात ठेवला, आणि ती नीट बसली आहे ना, ते पाहिलं.